बाबांच्या नावाचं रक्त

घरात तिला धाकटी म्हणत. वय सेहेचाळीस, केस निम्मे पांढरे, चष्म्याचा नंबर दर वर्षी नवा, तरी नाव धाकटीच. थोरली म्हणजे ताई. ती लग्न होऊन लांबच्या शहरात गेली आणि तिथून फोनवर घर चालवू लागली. धाकटीचं लग्न काही झालं नाही. का झालं नाही, हे विचारणारे लोकही आता थकले होते. ती आणि बाबा दोन खोल्यांच्या घरात राहत. बाहेरच्या खोलीत बाबांचं शिवणयंत्रं दुरुस्त करण्याचं काम चाले. तेलाचा वास, भिंतीला टेकलेली चार-पाच मुकी यंत्रं, आणि खिडकीशी स्टुलावर बसलेले बाबा, हे तिने जन्मापासून पाहिलेलं चित्र होतं.

धाकटी रक्त घेणारी होती. बावीस वर्षं एकाच लॅबमध्ये. पहाटे साडेपाचला पिशवी खांद्याला लावून निघायचं, दहा-बारा घरांत जाऊन उपाशीपोटीचं रक्त काढायचं, नऊच्या आत ट्यूबा लॅबमध्ये पोचवायच्या, मग दुपारपर्यंत काउंटरला बसायचं. लोक तिला पाहिलं की बाही आपोआप वर करत. शीर सापडत नसली तर इतर मुली तिला हाक मारत. तिचा हात असा हलका होता की म्हाताऱ्या माणसांना सुई आत गेल्याचं नंतर कळे. स्वतः मात्र दुपारपर्यंत पोटात चहाशिवाय काही नाही. घरी आल्यावर जे दिसेल ते खायचं आणि आडवं व्हायचं.

दोन वर्षांपूर्वी बाबांना हार्ट अटॅक आला. हृदयाच्या नळ्यांत दोन स्प्रिंगा बसवल्या. तेव्हाच कळलं की साखरही आहे आणि रक्तात चरबीही आहे, दोन्ही भरपूर आणि बऱ्याच दिवसांची. हृदयाचे डॉक्टर मितभाषी होते. एवढंच म्हणाले की स्प्रिंगा मी बसवल्या, पण त्या मोकळ्या ठेवणं तुमच्या ताटात आहे. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं आणि रिपोर्ट घेऊन यायचं.

आणि इथून धाकटीची परीक्षा सुरू झाली. रिपोर्टावर नाव बाबांचं असे, पण गुण तिला मिळत. बाबांचं म्हणाल तर ते गोडाच्या बाबतीत लहान मुलाहून वाईट. यंत्रं घेऊन येणाऱ्या शिंपिणी वर्षानुवर्षांच्या ओळखीच्या. कुणी केक आणे, कुणी बिस्किटांचा पुडा. धाकटी लॅबमध्ये असताना सगळं फस्त होई, आणि पुड्याचा कागद यंत्राच्या खणात बॉबिनांखाली सापडे. मग रिपोर्ट यायचा. तीन महिन्यांची सरासरी साखर नऊच्या वर, चरबी साडेतीनशेच्या घरात. ती तो ताईला पाठवायची, कारण ताईची तशी सक्त ताकीद होती. आणि मग फोन.

ताई वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ती घाबरट होती, आणि घाबरलेली माणसं लांबून बोलायला लागली की ती ओरडल्यासारखीच ऐकू येतात. तू स्वतः लॅबमध्ये, जगाचं रक्त तपासतेस आणि घरात हे काय चाललंय, असं ती म्हणायची. चौथ्या वाईट रिपोर्टानंतर तिने सरळ सांगितलं, पुढचा असाच आला तर बाबांना मी माझ्याकडे घेऊन येणार. नवव्या मजल्यावर त्यांच्यासाठी खोली आहे, बाई आहे, सगळं वेळेवर होईल.

बाबा शेजारीच बसून ऐकत होते. फोन बंद झाल्यावर ते एका यंत्राचं चाक नुसतंच फिरवत बसले. नवव्या मजल्यावर शिवणयंत्रं येत नाहीत. तिथे गेलो तर मी महिन्याभरात मरेन, असं ते म्हणाले नाहीत; पण त्या दिवशी जेवले नाहीत. धाकटीलाही रिकाम्या घराचा विचार सोसेना. बाबा गेले तर दुपारी तिच्यासाठी दार कोण उघडणार होतं?

पुढच्या तपासणीच्या सकाळी बाबा कॉटवर हात पुढे करून बसले. तिने दंडाला रबरी पट्टा बांधला. शीर सापडेना. बावीस वर्षांचा अनुभव, आणि बापाच्या हातात शीर सापडेना. दोनदा टोचलं, दोन्ही वेळा ट्यूब कोरडी. बाबांचे डोळे भरले ते दुखल्यामुळे नव्हे, हे तिला कळत होतं.

"तुझंच घाल की," ते म्हणाले. "तुझ्या अंगात माझंच तर रक्त आहे."

ती हसली. मग हसायची थांबली. बाबा पुढे म्हणाले की फक्त एकदा, मला तीन महिने दे, उद्यापासून मी गोडाला हात लावणार नाही, तुझ्या आईची शपथ. धाकटीला त्या दिवशी अजून आठ घरं चढून उतरायची होती. तिच्यात ना भांडायचं त्राण होतं, ना ताईचा फोन ऐकायचं. तिने पट्टा स्वतःच्या डाव्या दंडाला बांधला, त्याचं टोक दातात धरलं, आणि उजव्या हाताने स्वतःला टोचलं. राखाडी टोपणाची ट्यूब उपाशीपोटीच्या साखरेची, जांभळ्या टोपणाची तीन महिन्यांच्या साखरेची, पिवळ्या टोपणाची चरबीची. तिन्हींवर बाबांचं नाव लिहिलेल्या पट्ट्या आधीच चिकटवलेल्या होत्या. सगळं मिळून चार मिनिटं लागली.

रिपोर्ट आला. तीन महिन्यांची साखर सहा पूर्णांक एक. डॉक्टरांनी चष्मा वर करून बाबांकडे पाहिलं आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच हसले. ताईचा फोन आला तो चक्क गोड आवाजात. बघ, मनावर घेतलंस तर जमतं तुला, असं ती धाकटीला म्हणाली. ते ऐकून धाकटीला शरम वाटायला हवी होती. वाटलीही; पण त्याहून जास्त बरं वाटलं, खोटं कशाला सांगा.

गंमत अशी की बाबांनी शब्द पाळला. शपथेमुळे म्हणा की लाजेमुळे, त्यांनी खरोखर गोड सोडलं. भात निम्मा केला, सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत चालू लागले, गोळ्या स्वतःहून मोजून घेऊ लागले. शिंपिणींचे केक येतच होते. ते आता बाबा झाकून ठेवत आणि धाकटी दुपारी आली की पुढे करत. वाया कशाला घालवायचं? ती पहाटेपासूनची उपाशी. ती उभ्या उभ्या खायची आणि पाणी प्यायची. हल्ली पाणी फार लागायचं तिला. उन्हातान्हात फिरणाऱ्याला लागणारच.

तीन महिन्यांनी ती म्हणाली, आता तुमचं घेऊ. बाबा कचरले. एवढं पथ्य केलं आणि तरी आकडा वाईट आला तर, या भीतीने त्यांनी हात मागे घेतला. अजून एकदा, मग नक्की. पुन्हा पट्टा, पुन्हा दात. या वेळी सहा पूर्णांक सहा आला, चरबीही थोडी वर. पण डॉक्टर म्हणाले, साखर असलेल्या हृदयाच्या माणसाला हे उत्तम आहे. रिपोर्टाच्या कोपऱ्यात त्यांनी 'शाब्बास' लिहिलं आणि साखरेची एक गोळी कमी केली. बापलेक बाहेर येऊन चहा प्यायले. बाबांनी बिनसाखरेचा, तिने नेहमीचा.

आता बघा, ही बाई दिवसाला वीस जणांना 'वेळेवर तपासून घ्या हो' म्हणून सांगते. कुणाचाही रिपोर्ट दोन हात लांबून वाचते. सहा पूर्णांक सहा म्हणजे काय, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं, की आजाऱ्याला शाबासकी आणि निरोग्याला धोक्याची घंटा. पण कागदावर नाव बाबांचं होतं. तिने तो आकडा बाबांच्या हिशेबाने वाचला, घडी घातली आणि फायलीत ठेवला. रक्त कुणाचं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. इतक्या दिवसांत स्वतःकडे बघायची सवयच मोडली होती.

तिसरी वेळ आली तेव्हा ताई पुढच्या आठवड्यात यायची होती, महिन्यातल्या सुट्ट्या जोडून. बाबा म्हणाले, ताई समोर असताना वाईट आकडा नको, या वेळी नको. धाकटीने वादच घातला नाही. पट्टा दातात धरताना तिला एवढंच वाटलं की आपण फार दमलोय.

दवाखान्यात या वेळी तिघं गेली. डॉक्टरांनी कागद पाहिला, परत पाहिला. उपाशीपोटीची साखर एकशे शहाऐंशी. तीन महिन्यांची आठ पूर्णांक चार. चरबी तीनशेच्या वर. ताईने मान वळवून धाकटीकडे पाहिलं. धाकटीला पहिली भीती वाटली ती पकडले जाण्याची. सगळ्यात आधी स्वतःची कातडी आठवली, याचा तिला पुढे कितीतरी दिवस राग येत राहिला.

डॉक्टर बाबांना रागावले नाहीत. त्यांनी स्वतःलाच दोष दिला. मागच्या वेळी गोळी कमी केली ती घाई झाली, असं ते म्हणाले. ज्याच्या हृदयात दोन स्प्रिंगा आहेत त्याची साखर आणि चरबी एकत्र वाढली तर वाट बघत बसता येत नाही, नळ्या पुन्हा बुजतात. इन्सुलिन सुरू करू, रोज सकाळी. नर्सने ताईला सुई कशी भरायची ते दाखवलं, कारण ताईने हात पुढे केला होता. जिने बावीस वर्षं सुया हाताळल्या तिला कुणी विचारलं नाही.

बसमध्ये ताई बाबांच्या शेजारी बसली आणि ठरलेलं सांगत राहिली. परवाची तिकिटं काढते, दोन महिने तरी माझ्याकडे, मग बघू. धाकटी मागच्या बाकावर एकटी होती. तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, अर्धी प्यायली, आणि बाटलीकडे बघत राहिली. तेव्हा कुठे तिला कळलं. ही तहान. संध्याकाळी पायात येणारे गोळे. दर वर्षी बदललेला चष्मा. एकशे शहाऐंशी काही हवेतून आला नव्हता. तो तिच्या डाव्या दंडातून आला होता. 'शाब्बास'ही तिलाच मिळाली होती, तीन महिन्यांपूर्वी, जेव्हा अजून थोडं सावरता आलं असतं.

आणि मग त्याच्यामागून दुसरी गोष्ट आली, त्याहून भयंकर. बाबांची साखर किती, हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. नऊ महिने कुणी मोजलीच नव्हती. ते पथ्य करत होते, निम्मा भात खात होते. त्यांची साखर खरंच खाली आली असेल आणि त्यावर उद्या हे इंजेक्शन गेलं, तर घाम फुटेल, हात कापतील, शुद्ध जाईल. अशा हृदयाला ते झेपेल की नाही, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता.

तिला वाटलं होतं बाबा घरी गेल्यावर बोलतील. पण घरी येताच त्यांनी यंत्रांवर फडकी टाकली आणि स्क्रू-ड्रायव्हर एकेक करून डब्यात भरले.

सकाळी ताईने फ्रिजमधून इन्सुलिन काढलं. अंगठ्याने हवा काढत तिने दहाच्या रेघेपर्यंत सुई भरली. बाबा कॉटवर बसले, त्यांनी सदरा वर केला आणि भिंतीकडे बघत राहिले. त्यांना माहीत होतं. सुई कुणाच्या रक्तासाठी भरली आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि ते पोट उघडं करून गप्प बसले होते. तोंड उघडलं तर धाकटीची नोकरी जाईल, म्हणून. ते कधीच असे शहाण्यासारखे बसत नसत. त्या उघड्या, सुरकुतलेल्या पोटाकडे बघून धाकटी पुढे झाली.

"ताई, थांब," ती म्हणाली. "ते रक्त माझं आहे."

ताईला कळलंच नाही. धाकटीने मग सगळं सांगितलं, शीर न सापडल्यापासून गेल्या आठवड्यातल्या सकाळपर्यंत. तिने स्वतःची बाजू मांडली नाही, रडलीही नाही. मध्येच बाबा म्हणाले, मीच सांगितलं तिला. धाकटी म्हणाली, मी ऐकलं ना पण. ताईने सुई जपून बशीत ठेवली आणि खाली फरशीवर बसली. आता हिचा तोफखाना सुरू होणार, म्हणून धाकटी मान खाली घालून उभी राहिली.

पण ताईने एवढंच विचारलं, "म्हणजे एकशे शहाऐंशी तुझी?"

धाकटीने मान हलवली.

"आणि आधीचे दोन्ही रिपोर्ट? तेही तुझेच?" ताईचा आवाज फुटला. "मी त्याच्यावर तुला शाबासकी दिली गं."

त्या दिवशी तिघं लॅबमध्ये गेली. धाकटीने मालकाच्या खोलीत जाऊन जे केलं ते सांगितलं. मालक चांगला माणूस होता, म्हणूनच त्याला फार वाईट वाटलं. बावीस वर्षांत तुझ्या ट्यूबवरचं नाव मी एकदाही तपासलं नाही, एवढंच तो म्हणाला. तिला घरोघर जाण्याच्या कामावरून काढलं. पुढे ठेवायचं की नाही ते नंतर बघू, महिनाभर घरी बस. त्याचं चुकलं असं तिला कधीच वाटलं नाही.

मग रक्त घेतलं, आणि या वेळी खुर्चीत ती बसली. तिनेच शिकवलेल्या एका मुलीने पट्टा बांधला. सुई आत जाताना दुखलं. मुलीचा हात अजून जड होता. शेजारच्या खुर्चीत बाबांनी हात पुढे केला आणि त्यांची शीर पहिल्याच फटक्यात सापडली. सहा ट्यूबा जाळीत उभ्या राहिल्या, तीन बाबांच्या नावाच्या आणि तीन तिच्या. स्वतःचं नाव चिकटवलेली ट्यूब तिने बावीस वर्षांत पहिल्यांदा पाहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. बाबांची उपाशीपोटीची साखर एकशे बारा, तीन महिन्यांची सहा पूर्णांक आठ. चरबी अजून हवी तितकी उतरली नव्हती, पण निम्म्यावर आली होती. गोळी कमी होऊनसुद्धा म्हाताऱ्याने हे स्वतःच्या जिवावर केलं होतं, आणि सहा महिने कुणालाही कळू दिलं नव्हतं. भीतीपोटी त्याने स्वतःची शाबासकीच घालवली होती. डॉक्टर म्हणाले, काल ते दहा युनिट गेले असते तर जिवावर बेतलं असतं. मग ते धाकटीवर रागावले, आणि चांगलेच रागावले. मी औषध माणसाला देतो की कागदाला, असं त्यांनी विचारलं. तिने ऐकून घेतलं. ते खरंच होतं.

धाकटीच्या कागदावर आकडे जवळपास त्या वाईट रिपोर्टातलेच होते. त्यांनी कोरी फाईल ओढली आणि तिला नेहमीचे प्रश्न विचारू लागले. वय किती, झोप किती, पायाला मुंग्या येतात का, जिना चढताना छातीत भरून येतं का. शेवटच्या प्रश्नाला ती थोडी थांबली, आणि ताईने तिचा हात धरला.

"घरात कुणाला साखर? हृदयाचा त्रास?"

तिने उत्तर द्यायच्या आधी बाबांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. "मला," ते म्हणाले. "माझ्याकडूनच गेलंय तिच्याकडे. केकसुद्धा मीच खायला घातला."

डॉक्टरांनी ते लिहिलं, केकचं सोडून. बाबांच्या प्रवासाचा विषय ताईने पुन्हा काढला नाही. आत येण्याआधी दवाखान्याच्या पायरीवरच तिने तिकिटं रद्द केली होती. मग डॉक्टरांनी गोळ्या समजावल्या, काय खायचं ते समजावलं, हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायला लिहून दिलं, आणि दर तीन महिन्यांनी यायला सांगितलं. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं की घरी यांच्याकडे लक्ष द्यायला कोण आहे. हा प्रश्न ते दर पेशंटला विचारत. बाबांच्या वेळी त्याचं उत्तर धाकटी देई.

"मी आहे," बाबा म्हणाले, आणि फाईल त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतली.

आपल्याला आता रडू येणार, असं तिला वाटलं. सहा महिन्यांचं साठलेलं होतं. पण आली ती झोप. त्या टणक खुर्चीत, डॉक्टर अजून लिहीत असताना, ताईच्या खांद्याला डोकं लागलं आणि तिला गाढ झोप लागली. बाबांनी बोटाने दोघांना गप्प राहायची खूण केली, आणि पुढचं सगळं, कुठली गोळी कधी घ्यायची, ते डॉक्टरांना हळू आवाजात पुन्हा विचारून घेतलं.